गंज रोखायला निघालेलं रसायन रंगाच्या कामाला कसं आलं?



पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण सारखीच असते. विषय ठरलेला असतो, पण संशोधनाचा प्रश्न ठरलेला नसतो. "मला अमुक तंत्रज्ञानाचा इतिहास करायचाय" हा झाला विषय. त्यातून प्रश्न कसा काढायचा, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून आज पद्धतीवर कोरडं व्याख्यान न देता माझ्याच क्षेत्रातलं एक उदाहरण घेतो. मोटारीच्या पत्र्याला रंग लावण्याआधी जी रासायनिक तयारी करतात, तिचा हा इतिहास आहे. विषय दिसायला अगदी रुक्ष आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी मूळ अडचण काय ते पाहू

पोलादाचा नवा पत्रा चकचकीत दिसतो, पण तो स्वच्छ नसतो. गिरणीतून निघताना गंज लागू नये म्हणून त्याला तेल लावलेलं असतं, आणि प्रेसमध्ये आकार देताना आणखी वंगण लागतं. तेल पुसून थेट रंग मारला तर पहिले काही दिवस सगळं छान दिसतं. मग एखादा खडा लागतो, रंगाला बारीक ओरखडा पडतो, तिथे पाणी आणि मीठ पोचतं आणि ओरखड्याच्या दोन्ही बाजूंनी रंग फुगायला लागतो. वरून रंग शाबूत दिसतो, आतून मात्र तो पत्र्यापासून सुटलेला असतो.

हे का होतं? गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. एका जागी लोखंड विरघळतं, तर शेजारच्या जागी ऑक्सिजन आणि पाणी मिळून अल्कली तयार होते. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या साध्या थेंबावर प्रयोग करून ही विभागणी दाखवली होती. रंगाखाली तयार झालेली हीच अल्कली रंगाची पकड सोडवते. पुढे १९५०च्या दशकात केंब्रिजमधल्याच मेन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रंगाचा थर पाणी आणि ऑक्सिजन पूर्णपणे अडवतो, हा समज चुकीचा आहे. गंज धरायला पुरेल इतकं पाणी आणि ऑक्सिजन त्यातून आत जातं. म्हणजे रंग ही बंद भिंत नव्हे. तो पत्र्याला किती घट्ट धरून राहतो, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणूनच कारखान्यात रंगाआधी पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर चढवतात. या क्रियेला फॉस्फेटिंग म्हणतात. पत्रा फॉस्फोरिक आम्ल आणि जस्ताचं फॉस्फेट असलेल्या द्रावणात बुडवला की आम्ल लोखंडाला थोडंसं खातं. त्यात आम्ल खर्च होतं, त्यामुळे पत्र्याला अगदी लागून असलेल्या द्रावणाची आम्लता कमी होते आणि तिथेच फॉस्फेटचे बारीक स्फटिक जमतात. हा थर वरून लावलेला नसतो, पत्र्याशी झालेल्या अभिक्रियेतूनच तो तयार होतो. त्यामुळे तो सहज निघत नाही. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून रंगाला पकड मिळते. शिवाय तो वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे रंगाखाली गंज पसरायची गतीही मंदावते.

पाठ्यपुस्तकातली कहाणी

आता इतिहासाकडे येऊ. फॉस्फेटिंगवरचं कुठलंही तांत्रिक पुस्तक किंवा आढावा-लेख उघडा. सुरुवातीला अर्ध्या पानाचा इतिहास असतो आणि तो साधारण असा जातो.

१८६९ मध्ये ब्रिटनमध्ये रॉस यांनी एक पेटंट घेतलं. लाल तापवलेलं लोखंड फॉस्फोरिक आम्लात बुडवायचं, म्हणजे ते गंजत नाही, असं त्यात होतं. पण खरी सुरुवात मानतात ती १९०६ ची, बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांच्या पेटंटपासून. त्यांनी फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणात लोखंडाचा कीस घातला आणि उकळत्या द्रावणात वस्तू ठेवल्या. वेळ लागायचा दोन-अडीच तास. पुढे रिचर्ड्स यांनी मँगनीज फॉस्फेट आणलं. कॉस्लेट आणि रिचर्ड्स यांच्या अमेरिकी पेटंटांचे हक्क क्लार्क पार्कर यांनी घेतले आणि १९१५ मध्ये मुलाला सोबत घेऊन पार्कर रस्ट-प्रूफ ही कंपनी काढली. "पार्करायझिंग" हा शब्द तिथून आला. बंदुकांचे सुटे भाग काळपट-राखाडी दिसतात ते याच क्रियेमुळे.

मग वेळ कमी होत गेला. १९२९ मध्ये द्रावणात तांब्याचा अंश घातला आणि काम १० मिनिटं ते एक तासात व्हायला लागलं. १९३३ मध्ये नायट्रेटसारखी ऑक्सिडीकारक द्रव्यं आली आणि वेळ पाच मिनिटांवर आला. १९३७च्या सुमाराला बुडवण्याऐवजी फवारायला सुरुवात झाली आणि काम ६० ते ९० सेकंदांत उरकू लागलं. १९४३ मध्ये जेर्नस्टेट यांच्या पेटंटातून टायटॅनियमयुक्त फॉस्फेटची आधीची बुडी आली. तिच्यामुळे स्फटिक बारीक आणि दाट येऊ लागले.

कहाणी संपली. अडीच तासांवरून एक मिनिट, म्हणजे प्रगती झाली.

यात खोटं काही नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेच्या मद्रास केंद्रातले शंकर नारायणन यांनी २००५ मध्ये फॉस्फेटिंगवर जो मोठा आढावा-लेख लिहिला, त्यातही असा कालपट दिलाय. सुरुवात करायला तो फार उपयोगी आहे. पण हा कालपट म्हणजे इतिहास नव्हे. ही इतिहासासाठीची यादी आहे. आणि संशोधक म्हणून आपलं काम इथेच सुरू होतं.

यादीत फट कुठे आहे?

यादी वाचताना मी विद्यार्थ्यांना एक साधी युक्ती सांगतो. प्रत्येक नोंदीपुढे लिहा : "कशासाठी?" कॉस्लेट कशासाठी? गंज रोखण्यासाठी. त्यांच्या पेटंटचं शीर्षकच लोखंड-पोलादाचा गंज रोखण्याविषयी आहे. पार्कर कशासाठी? कंपनीच्या नावातच "रस्ट-प्रूफ" आहे. रंगाचं नाव यात कुठेच नाही.

आता १९२८ या नोंदीवर या. कालपटात या वर्षापुढे फक्त एवढंच आहे : फॉस्फेटचा थर रंगासाठी चांगला पाया आहे हे लक्षात आलं. नवं रसायन नाही, नवी टाकी नाही, नवं यंत्र नाही. फक्त "लक्षात आलं". आणि त्याच सुमाराला पार्कर कंपनीनं रंगाआधीच्या प्रक्रियेसाठी नवं नाव बाजारात आणलं, "बाँडराइट". बाँड म्हणजे बंध, पकड. रस्ट-प्रूफ ते बाँडराइट! नाव बदललं म्हणजे विकायची गोष्टच बदलली. तोवर कंपनी गंजापासून संरक्षण विकत होती, आता ती रंगाची पकड विकू लागली.

माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न इथे आहे. वेळ कसा कमी झाला, हा प्रश्न अभियंत्याचा. एकच रासायनिक थर एका कामासाठी निघाला आणि दुसऱ्याच कामासाठी टिकला, असं का झालं, हा प्रश्न इतिहासकाराचा.

हे मी केवळ नावावरून म्हणतोय असं कोणी म्हणेल. परीक्षकही म्हणतील! म्हणून दुसरा पुरावा शोधायचा, आणि तो वेगळ्या जातीचा असला पाहिजे. इथे तो थराच्या वजनात सापडतो. गंज रोखण्यासाठी जे मँगनीज फॉस्फेट चढवतात, ते जाड असतं, दर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम आणि त्याहून पुष्कळ जास्तही. त्यात तेल मुरवतात, आणि गंज रोखायचं बरंचसं काम ते तेल करतं. रंगाखालचा जस्ताचा थर मात्र दर चौरस मीटरला दोन-तीन ग्रॅमच्या आसपास असतो. कारण जाड थराचे मोठे स्फटिक पत्रा वाकला की आतल्या आत तुटतात आणि रंग त्यांच्यासकट निघून येतो. म्हणजे बघा, हेतू बदलला तेव्हा "चांगला थर" कशाला म्हणायचं हेच उलटं झालं. आधी जाड ते चांगलं होतं, मग पातळ, बारीक आणि एकसारखं ते चांगलं ठरलं. नावाचा पुरावा आणि वजनाचा पुरावा एकाच दिशेला जातात, तेव्हा आपला युक्तिवाद उभा राहतो.

याच थराला तिसरं कामही मिळालं. १९३४ मध्ये फ्रिट्झ सिंगर यांनी जर्मनीत पेटंट घेतलं. पोलादाची नळी किंवा तार थंड असतानाच ओढायची असेल तर तिच्यावर आधी फॉस्फेट चढवायचं, म्हणजे वंगण त्यात धरून राहतं. मूळ रसायन तेच, पण काम पूर्ण वेगळं. त्यामुळे "फॉस्फेटिंगचा इतिहास" असं एकवचनी बोलताना जरा सांभाळून बोलावं लागतं.

१९२०च्या दशकात असं काय झालं?

आता पुढचा प्रश्न. रंगाच्या पकडीची गरज नेमकी तेव्हाच का भासली? मोटारी तर त्याआधीही रंगवत होतेच की.

रंगवत होते, पण गाडी वेगळी होती आणि रंगही वेगळा होता. सुरुवातीच्या मोटारींच्या बॉडीचा सांगाडा लाकडी असायचा, घोडागाडी बनवणाऱ्यांच्या पद्धतीचा. रंग तेलाचा आणि वॉर्निशचा, थरावर थर, प्रत्येक थर वाळवून आणि घासून. एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागायचे. फोर्डनं मॉडेल टीसाठी भट्टीत भाजायचा काळा जपान-रंग वापरला, कारण तो लवकर पक्का व्हायचा.

दोन गोष्टी जवळपास एकाच काळात बदलल्या. एक, बॉडी पोलादाची झाली. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१०च्या दशकात पूर्ण पोलादी बॉडी बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन दशकांत लाकूड मागे पडत गेलं. दोन, रंग बदलला. १९२३ मध्ये ड्यूपाँटचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर ओकलंड गाडीवर आला. तो फवारता यायचा आणि फार लवकर वाळायचा. आठवड्यांचं काम कितीतरी कमी वेळात होऊ लागलं आणि काळ्याशिवाय इतर रंगही परवडू लागले.

पण लवकर वाळणाऱ्या रंगाचा एक तोटा असतो. जुना तेलाचा रंग हळूहळू वाळायचा, पत्र्याच्या बारीकसारीक खाचांत शिरायला त्याला वेळ मिळायचा. लॅकरला तेवढी उसंत नसते, आणि गुळगुळीत पोलादावर त्याची पकडही कमी. म्हणजे एकीकडे लाकूड जाऊन गुळगुळीत पोलाद आलं, दुसरीकडे चिवट तेल जाऊन झटपट लॅकर आलं. या दोघांच्या मधल्या जागेला काहीतरी हवं होतं, आणि गंजासाठी निघालेला थर त्या जागी बसला.

त्यात सरकता पट्टा होताच. प्रत्येक गाडी ठरावीक वेळात एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर गेली पाहिजे. अडीच तास उकळणारी टाकी तिथे बसूच शकत नव्हती. म्हणून वेळ कमी होणं हा शोधकांच्या हुशारीचा सरळ परिणाम म्हणून न पाहता पट्ट्याची मागणी म्हणून पाहिलं, तर १९२९, १९३३ आणि १९३७ या नोंदी एका माळेत बसतात. यादीला कारण मिळालं की ती इतिहास होते, असं मला वाटतं.

वीज उलटी फिरली तेव्हा

या कथेचा दुसरा मोठा वळसा १९६० आणि १९७०च्या दशकांतला आहे. कालपटात त्याला फार जागा नसते, पण माझ्या दृष्टीनं तो सर्वांत महत्त्वाचा.

गाडीच्या बॉडीत बंद पोकळ्या असतात. दरवाजाच्या आत, उंबऱ्याखाली, जिथे फवारा पोचत नाही. गंज नेमका तिथूनच सुरू होतो. शिवाय उत्तर अमेरिकेत आणि युरोपात हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकायचं प्रमाण वाढलं होतं. फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांनी यावर तोडगा काढला तो विद्युत-लेपनाचा. पाण्यात रंगाचे भारित कण असतात, अख्खी बॉडी त्यात बुडवायची आणि वीज सोडायची. कण आपोआप पत्र्याकडे ओढले जातात, अगदी पोकळीतही. १९६१ मध्ये चाकांवर आणि १९६३ मध्ये बॉडीवर याचा वापर सुरू झाला.

पहिल्या पद्धतीत बॉडी धन टोक असायची. धन टोकाला धातू विरघळतो. त्यामुळे लोखंड आणि खालचं फॉस्फेट दोन्ही थोडंथोडं रंगात मिसळायचं. १९७०च्या दशकात वीज उलटी केली आणि बॉडी ऋण टोक केली. गंज रोखण्यात फरक इतका मोठा पडला की थोड्याच वर्षांत जवळपास सगळा उद्योग तिकडे वळला.

पण ऋण टोकाला काय होतं? पाण्याचं विघटन होऊन पत्र्यालगत तीव्र अल्कली तयार होते. आणि जस्ताचं साधं फॉस्फेट अल्कलीत विरघळतं! म्हणजे गंमत बघा, रंग चढवायच्या क्रियेतच रंगाचा पाया विरघळायचा धोका आला. चाळीस वर्षं जो थर चांगला मानला गेला होता, तो रातोरात अपुरा ठरला. थरात काही बिघडलं नव्हतं. वरचा रंग बदलला होता, एवढंच.

इथे दोन खनिजं महत्त्वाची ठरली. होपाइट हे जस्ताचं फॉस्फेट. एडिनबराचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांच्यावरून त्याचं नाव पडलं. आणि फॉस्फोफायलाइट हे जस्त आणि लोखंड दोन्ही असलेलं फॉस्फेट. ही दोन्ही खनिजं निसर्गातही सापडतात. फॉस्फोफायलाइट अल्कलीत जास्त टिकतं. पण ते बनायला पत्र्यातून विरघळलेलं लोखंड तिथेच रेंगाळावं लागतं. फवाऱ्यात ते धुऊन जातं, बुडवल्यावर राहतं. म्हणजे १९३७ पासून ज्या फवाऱ्याचं प्रगती म्हणून कौतुक झालं, त्यापासून उद्योग पुन्हा बुडवण्याकडे वळला. सरळ रेषेतल्या प्रगतीची कहाणी इथे साफ मोडते.

जपानी संशोधकांच्या लिखाणातून याच काळात "पी-गुणोत्तर" हे माप रूढ झालं. थरातल्या एकूण स्फटिकांत फॉस्फोफायलाइटचा वाटा किती, हे ते सांगतं. गुणोत्तर एकच्या जवळ असेल तर थर चांगला. क्ष-किरणांच्या विवर्तनातून ते काढता यायचं आणि एका आकड्यात मावायचं, त्यामुळे ते लोकप्रिय झालं.

आणि मग पत्राच बदलला! १९८०च्या दशकात बॉडीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मोठ्या प्रमाणावर आला. त्याच्या पृष्ठभागावर लोखंडच नाही, मग फॉस्फोफायलाइट बनणार कुठून? थरात मँगनीज आणि निकेल मिसळून अल्कलीत टिकणारे स्फटिक बनवावे लागले. त्या पत्र्यावर पी-गुणोत्तराला काही अर्थच उरला नाही.

ही गोष्ट प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. कुठलंही निर्देशक माप एका विशिष्ट परिस्थितीत जन्मतं. परिस्थिती बदलली तरी आकडा निघत राहतो, फक्त त्याचा अर्थ निघून गेलेला असतो. तुम्ही शिक्षणशास्त्रात असा, अर्थशास्त्रात असा की रसायनात, तुमच्या मापाचा जन्म कुठे झाला हे एकदा तरी तपासा.

पत्रा वाईट की प्रक्रिया वाईट?

इतिहासात तंटे शोधावेत, असं आमच्या क्षेत्रात म्हणतात, कारण तंट्यात लोक एरवी न बोललेल्या गोष्टी बोलतात. इथलाही एक तंटा असाच उपयोगी आहे. एकाच टाकीतून, एकाच दिवशी, एकाच रंगाखाली गेलेले दोन पत्रे वेगळे वागायचे. एक चाचणीत टिकायचा, दुसऱ्याचा रंग सुटायचा. दोष कोणाचा? पोलाद देणाऱ्याचा, रसायन देणाऱ्याचा, रंग देणाऱ्याचा, की कारखान्याचा?

१९७०च्या दशकात फोर्डच्या संशोधकांनी पोलादाच्या पृष्ठभागावर चिकटून राहिलेल्या कार्बनकडे बोट दाखवलं. पत्रा लाटताना लावलेलं तेल भट्टीत नीट जळून गेलं नाही तर त्याचा कार्बनी अवशेष राहतो. साध्या धुण्यानं तो जात नाही आणि तिथे फॉस्फेट नीट बसत नाही. म्हणजे रंगाच्या दुकानातल्या अपयशाचं मूळ पोलादाच्या गिरणीत निघालं.

यात चाचणीचाही प्रश्न होताच. मिठाच्या पाण्याच्या धुक्यात नमुने ठेवायची चाचणी १९१४ मध्ये कॅप यांनी सुचवली आणि १९३९ मध्ये ती अमेरिकेत प्रमाणित झाली. रंगावर फुली मारायची, तासांच्या हिशोबानं नमुना धुक्यात ठेवायचा आणि फुलीपासून रंग किती सुटला ते मोजायचं. पण रस्त्यावरची गाडी कधी ओली असते, कधी सुकते. सतत ओल्या धुक्यातला निकाल तिथे लागू पडेलच असं नाही, अशी टीका वारंवार झाली आणि ओलं-सुकं आलटून पालटून करणाऱ्या चाचण्या पुढे आल्या. तरी जुनी चाचणी अजून सुरूच आहे, कारण खरेदी-विक्रीच्या करारात ती लिहिलेली असते. "अमुक तास" हे शास्त्राचं माप आहे की व्यवहाराची भाषा? यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो, घ्या कोणीतरी!

सात टाक्यांचा इतिहास कोण लिहिणार?

इथवर सगळे पुरावे पेटंटांतून, प्रमाणांतून आणि कंपन्यांच्या संशोधकांच्या लेखांतून आले. आता जरा आपल्याकडे बघू. फॉस्फेटिंगसाठी भारतीय मानक आयएस ३६१८ हे १९६६ चं आहे. आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजच्या बाजूला पावडर कोटिंगच्या छोट्या शॉपमध्ये कोणालाही विचारा, "सेव्हन टँक प्रोसेस" हा शब्द ऐकायला मिळेल. तेल काढणं, धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेटिंग, पुन्हा धुणं आणि शेवटी पॅसिव्हेशन. मोठ्या गाड्यांच्या कारखान्यात हे काम बंद बोगद्यातून आपोआप होतं. छोट्या शॉपमध्ये जॉब तारेला किंवा बास्केटमध्ये टांगून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत माणूस टाकतो.

त्या माणसाचं ज्ञान पेटंटात नसतं. टाकीचं पाणी कधी बदलायचं, थर पिवळट आला म्हणजे काय चुकलं, तळाचा गाळ कधी उपसायचा, हे हातांना आणि डोळ्यांना कळतं. त्याच्याकडे एक लिखित साधनही असतं, टाकीचं रजिस्टर. दहा मिलिलिटर द्रावण घ्यायचं, प्रमाणित कॉस्टिक सोड्यानं अनुमापन करायचं आणि जितके मिलिलिटर लागले तितके "पॉइंट" लिहायचे. फ्री ॲसिड इतके, टोटल ॲसिड इतके. बाहेरच्याला ही नुसती आकड्यांची वही वाटेल. पण इतिहासकारासाठी हा रोजचा दस्तऐवज आहे. माल महाग झाल्यावर टाकी किती दिवस ताणली, पाण्याची टंचाई असताना धुणं कमी झालं का, ऑर्डर वाढल्यावर वेळ कमी केला का, हे त्या आकड्यांतून वाचता येऊ शकतं. अशा वह्या रद्दीत जातात. कोणी जपून ठेवत नाही, कारण त्या "इतिहास" आहेत असं कोणाला वाटतच नाही.

आणि हा केवळ साधनांचा प्रश्न नाही. सातव्या टाकीत वर्षानुवर्षं क्रोमिक आम्ल वापरलं गेलं. फॉस्फेटच्या स्फटिकांमध्ये उरलेल्या फटी ते बुजवतं आणि रंग जास्त टिकतो. पण त्यातला षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९० मध्ये त्याचा समावेश पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. २००० मध्ये युरोपीय संघानं मोडीत निघणाऱ्या वाहनांविषयी निर्देश काढला आणि गाड्यांमधला षट्संयुजी क्रोमियम टप्प्याटप्प्यानं बंद करायला लावला. त्यानंतर झिर्कोनियमवर आधारित थर पुढे आले. ते नॅनोमीटरमध्ये मोजावे इतके पातळ, टाकी तापवायची फारशी गरज नाही, गाळ कमी आणि निकेलही नाही.

तांत्रिक लेखांत याचं वर्णन "पर्यावरणपूरक पर्याय" असं येतं. ठीक आहे. पण दोन प्रश्न राहतात. एक, निर्देश गाडीत शिल्लक राहणाऱ्या क्रोमियमवर होता, टाकीशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसावर नव्हता. म्हणजे नियम वस्तूच्या बाजूनं आला, कामगाराच्या बाजूनं नाही. दोन, ज्या छोट्या शॉपचा माल युरोपात जात नाही, तिथे हा बदल कधी पोचला, कसा पोचला, पोचला का? याची उत्तरं पेटंटात मिळणार नाहीत. त्यासाठी वह्या लागतील, बिलं लागतील आणि लोकांशी बोलावं लागेल. ते लोक आता निवृत्त होतायत, म्हणून हे काम फार काळ पुढे ढकलता येणार नाही.

तुमच्यासाठी यातून काय?

आता हे सगळं तुमच्या विषयाला कसं लावायचं, ते थोडक्यात सांगतो.

कालपट मिळाला की खूश होऊन थांबू नका. प्रत्येक नोंदीपुढे "कशासाठी" आणि "कोणाच्या गरजेतून" हे लिहून पाहा. जिथे उत्तर अचानक बदलतं, तिथे तुमचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त.

एका पुराव्यावर युक्तिवाद उभा करू नका. नाव बदललं हा एक पुरावा, थराचं वजन बदललं हा दुसरा. दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत, म्हणून एकमेकांना आधार देतात. दोन पेटंटं मिळाली म्हणजे दोन जातींचे पुरावे मिळाले असं होत नाही.

पेटंट काय सांगतं हे ओळखून वाचा. ते हक्क सांगतं, वापर सांगत नाही. एखादी पद्धत कधी पेटंट झाली हे त्यातून कळतं. ती किती कारखान्यांत आणि किती वर्षं चालली, हे नाही.

"प्रगती" हा शब्द लिहिताना हात थांबवा. फवारा प्रगती होता, मग बुडवणं पुन्हा प्रगती ठरली. दोन्ही वेळा लोक शहाणेच होते. परिस्थिती वेगळी होती.

आणि शेवटचं. तुमच्या विषयातली "सातवी टाकी" कुठली, ते शोधा. म्हणजे अशी जागा, जिथे काम होतं पण नोंद होत नाही, किंवा नोंद होते पण कोणी जपत नाही. मोठ्या ग्रंथालयात तुमच्याआधी बरेच जण जाऊन आलेले असतात. त्या वहीपर्यंत बहुधा कोणी गेलेलं नसतं.

पुढच्या लेखात पेटंट शोधायचं आणि वाचायचं कसं, ते एका पेटंटच्या आधारे ओळीनं बघू. तोवर तुमच्या विषयाचा एक कालपट घ्या, प्रत्येक नोंदीपुढे "कशासाठी" लिहा आणि कुठे अडलात ते कळवा. अडलेली जागा हीच बहुतेक वेळा कामाची जागा असते.